खाडीतल्या माशांची भूक

दसरा जवळ आला की आमच्या बाळकुमच्या सोसायटीत खिडक्या बंद व्हायला लागतात. पाऊस गेलेला असतो, ऊन चटका देत असतं, ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो आणि दुपारच्या वाऱ्यावर त्याचा वास वरच्या मजल्यांपर्यंत चढतो. मग सोसायटीच्या ग्रुपवर निरोप सुरू होतात. वास कुठून येतोय? तक्रार कुणाकडे करायची? परवा लिफ्टमध्ये एक तरुण शेजारी नाकाला रुमाल लावून म्हणाला, "काका, तुमच्या खिडक्या सताड उघड्या असतात. त्रास नाही होत?"

"होतो," मी म्हणालो. "म्हणूनच उघड्या ठेवतो."

भांडखोर म्हातारा, असं त्याला वाटलं असणार. वाटू दे. कुजलेली पानं, शेवाळ, मीठ, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्यांची बिळं, उन्हात तापलेला गाळ, या सगळ्यांचा मिळून तो वास होतो. जिवंत खाडीला वास असतोच. ज्याला घाबरावं तो वास निराळा. तो गोडसर असतो, जिभेच्या टोकाला येऊन बसतो, आणि त्यानंतर चहाही औषधासारखा लागतो. या किनाऱ्यावर तो मला पहिल्यांदा आला त्या वर्षीच्या आश्विन-कार्तिकाबद्दल मला लिहायचं आहे. घरचे म्हणतात, आता कशाला. जुने सहकारी म्हणतात, झालं गेलं. ज्याचं काही गेलेलं नसतं त्याला असं म्हणायला सोपं जातं. मीही बरीच वर्षं म्हणत आलो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी डोंबिवलीला मानपाड्याच्या बाजूला राहायचो आणि ठाण्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. चाळिशी दिसायला लागली होती आणि पीएचडी रखडली होती. विषय होता खाडीतल्या माशांचं खाणं. कोणता मासा काय खातो, किती खातो, केव्हा खातो. ऐकणाऱ्याला हसू यायचं. माझ्या सासऱ्यांनी तर विचारलं होतं, "जावईबापू, माशांचं जेवण मोजून सरकार पगार देतं?" काम सांगायला सोपं होतं. मासा आणायचा, चिरायचा, जठर काढायचं, आतलं बशीत ओतायचं आणि भिंगाखाली ओळखायचं: हा कोळंबीचा पाय, हा जवळ्याचा डोळा, हे किड्याचं कवच, ही नुसती माती. जठर किती भरलं आहे त्याप्रमाणे त्याला गुण द्यायचे. रिकामं, पाव, अर्धं, तुडुंब.

खोपटहून बस पकडून मी बाळकुमला उतरायचो. तेव्हा इथे शेतं होती. खाऱ्या जमिनीतलं भात पिवळं पडायला आलेलं असे आणि बांधावरून चालताना पोटऱ्यांना पाती घासत. डोक्यावर चतुर घिरट्या घालत. हातात झाकणाची बादली, बादलीत मासे टिकवायचं फॉर्मलिन. एकदा कंडक्टरने परतीच्या बसमध्ये विचारलं, "काय आहे यात?"

"मासे."

"ताजे?"

"नाही. औषधातले."

तो दोन बाकं मागे सरकला आणि तिकीट द्यायलाही पुन्हा आला नाही. त्या बादलीमुळे मला बसमध्ये जागा मात्र नेहमी मिळायची. घरी सुमन, माझी बायको, माझे शर्ट वेगळे धुवायची. ती रायगडकडची, मासे आवडीने खाणारी. पण त्या मोसमात तिने मासे आणणं बंद केलं होतं. "तुमच्या अंगाला मेलेल्या माशाचा वास येतो," म्हणायची, "आणि ताटातला मासा मला तुमच्यासारखा दिसायला लागलाय."

बंदरावर रामा नाखवा असायचा आणि त्याची बायको हिरा. नाखव्याचे खुंट खाडीत प्रवाहाच्या मध्यावर रोवलेले होते. त्या खुंटांना डोल बांधायची. डोल म्हणजे तोंड रुंद आणि टोक निमुळतं असं लांबलचक पिशवीसारखं जाळं. भरती-ओहोटीचा ओढा मासळीला तोंडातून आत ढकलतो आणि शेवटच्या अरुंद पिशवीत सगळं एकावर एक गोळा होतं: ढोमी, शिंगाळी, कोळंबी, जवळा, चिंबोरी, झाडाची फांदी, कुणाची तरी चप्पल. पाणी थांबलं की नाखवा होडीतून जाऊन ती पिशवी ओढून काढायचा.

"आला बग पोट फारनारा मास्तर!" हिरा लांबूनच ओरडायची. "आमी मासा खाताव. ह्यो मासा काय खाल्ला ते बगतं. अरं, त्याला तरी सुकानं जेवू दे!"

"वहिनी, संशोधन आहे."

"बग बग. आनि मासा उपाशी दिसला तं त्याला भाकर दे."

बंदरावरच्या बायका खिदळायच्या. मीही हसायचो. नाखवा फारसा हसत नसे. तो पाण्याकडे बोट दाखवायचा. ओहोटीच्या धारेवर तांबूस साय दिसायची आणि तो गोडसर वास जिभेवर येऊन बसायचा. "वरून येतं हे पानी," तो म्हणायचा. "चिखलातला किडा मेला. किडा मेला तं मासा काय खानार? तुमी शिकलेले हाव, तुमी बगा." वरच्या अंगाला कारखाने होते. कोणते, ते लिहिण्यात अर्थ नाही. बरेच होते आणि आता बरेच नाहीत. गावकऱ्यांनी अर्ज केला होता, त्यावर एक समिती नेमली गेली होती, आणि समितीला खाडीच्या मासळीबद्दल माहिती हवी होती. ठाण्यात ती माहिती माझ्याकडे होती. म्हणजे माझ्या सरांकडे.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. बुद्धिमान, प्रेमळ आणि घाईत असलेला माणूस. आमच्या तक्त्यांतून त्यांनी एक सुंदर गोष्ट शोधून काढली. उधाणाच्या दिवसांत, पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास, आमच्या माशांची पोटं तुडुंब असायची. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या सुमाराला भरती दुबळी असताना, तीच पोटं रिकामी. पुन्हा उधाण, पुन्हा तुडुंब. आलेखावर रेघ अशी वरखाली व्हायची की लाटच वाटावी. "वसंत," सर म्हणाले, "मासा चंद्राबरोबर जेवतो!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही. मी तो आलेख घरी नेऊन सुमनला दाखवला आणि तिला न सांगता पुन्हा पुन्हा बघत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काही देखणं घडलं होतं. त्या रेघेच्या प्रेमात पडलो होतो, असं म्हटलं तर कुणी हसू नये.

त्या आलेखात एक गोष्ट नव्हती. भांगात पाण्याला ओढ नसते, म्हणून डोल लावत नाहीत. त्या दिवसांत नाखवा गळाने मासे धरायचा. म्हणजे आमचे उधाणाचे मासे सगळे डोलीतले आणि भांगाचे सगळे गळाचे. हे आम्हाला ठाऊक होतं, पण मासा कसा धरला याचा रकानाच आम्ही आखला नव्हता. मासा तो मासा. बंदरावरचं कुणी असं म्हणालं नसतं. ते फक्त आम्हीच म्हणू शकत होतो, ज्यांच्या दृष्टीने मासा बादलीत पडल्यावर सुरू होतो.

कार्तिकातली एक दुपार. सूर्य डोक्यावरून ढळलेला. बंदरावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून मी माशांवर फॉर्मलिन ओतण्याआधी एक मोठी शिंगाळी सहज चिरायला घेतली. ती नुकतीच डोलीतून आली होती. जठर असं टम्म की कात्री लावताच उघडलं. आणि आतून एक कोळंबी उडून माझ्या मनगटावर पडली. जिवंत. तिने शेपटी झटकली, पुन्हा उडाली आणि फळीच्या फटीतून खाली पाण्यात गेली.

मी हसलो. मग हसू थांबलं.

ती कोळंबी शिंगाळीने खाडीत खाल्ली नव्हती. पिशवीच्या टोकात हजारो जिवांबरोबर चेपली गेली असताना, तोंडासमोर आलं ते तिने गिळलं होतं. काही क्षणांपूर्वी. बाकीच्या माशांची पोटं मी भराभर उघडली. सगळी तुडुंब, आणि आतलं सगळं कोरं, चकचकीत, मिशासुद्धा शाबूत. पचायला वेळच मिळाला नव्हता. मग मी ते केलं जे आधी कधी केलं नव्हतं. आतडी उघडली. पोटात आजचं जेवण असतं आणि आतड्यात कालचं. एकेक आतडं उघडत गेलो. रिकामं. रिकामं. काळा चिखल. रिकामं. ज्या माशांची पोटं फुटायला आली होती, त्यांनी काल काही खाल्लेलं नव्हतं.

कुणी म्हणेल, गळाला तर भुकेलाच मासा लागतो, मग गळाच्या माशांची पोटं रिकामी असणारच. बरोबर आहे. म्हणून मी गळाच्या माशांवर विसंबत नाही. मी डोलीतल्या माशांच्या आतड्यांबद्दल बोलतो आहे. ती मी त्या दुपारी पाहिली, पुढच्या उधाणाला पाहिली, त्याच्या पुढच्याही. उत्तर बदललं नाही.

सरांना सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, आणि मधेच चष्मा काढून पुसायला लागले, तेव्हाच मला कळलं की हे त्यांना नवं नाही.

"वसंत, तुझा विषय काय आहे?"

"जठरातलं अन्न, सर."

"मग? पीएचडी पोटावर आहे. आतड्यावर नाही."

"पण चंद्र वगैरे सगळं खोटं ठरतं."

"खोटं नाही. अपुरं. सगळंच संशोधन अपुरं असतं. आधी ही पूर्ण कर, मग आतड्यांवर वेगळा निबंध लिही. मी स्वतः मदत करीन."

तो वेगळा निबंध कधी झाला नाही. मी तो कधी सुरूही केला नाही. मुलगी दहावीला होती, बढती पदवीवर अडली होती, आणि चंद्राची रेघ फार सुंदर होती. ही कारणं आहेत. सबब म्हणून सांगत नाही.

समितीची बैठक झाली तेव्हा हवेत गारवा आला होता. गावातली माणसं धुतलेले कपडे घालून आली होती, नाखव्याने डोक्यावर नवी लाल टोपी घातली होती. अहवाल वाचला गेला: स्थानिक संशोधनानुसार खाडीत माशांना मुबलक अन्न उपलब्ध आहे, माशांची पोटं भरलेली आढळतात, त्यांचं खाणं निसर्गाच्या लयीत चालू आहे. सबब मासळी कमी होण्याचं कारण पाणी नसून बेसुमार मासेमारी हे आहे. खुंट कमी करावेत.

नाखवा उठला. "आमी मासा संपवला?" एवढंच म्हणाला. मग त्याने मागे वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत मी होतो. "मास्तर, तू आमचेच मासे फारलेस ना? बोल की."

सर माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी माझा हात धरला नाही, पायही दाबला नाही. मला कुणी अडवलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत होतो की अडवलं होतं.

मी बोललो नाही.

खुंट उपटायला नाखव्याला होड्या लावाव्या लागल्या. खुंट म्हणजे ताडाचं अख्खं खोड असतं. खाडीच्या तळात रोवलेलं ते खोड वर्षानुवर्षं चिखल धरून बसतं, भरतीच्या जोरावर दोर ताणून ते उचकटावं लागतं. ते निघताना पाण्यातून एक मोठा सुस्कारा येतो, असं ऐकलंय. मी बघायला गेलो नव्हतो. बाळकुमची बस मी त्यानंतर पकडलीच नाही.

पुढे मी वर्गात माकूल, म्हणजे स्क्विड, शिकवायचो. हा प्राणी मला आवडायचा. माकुलाची अन्ननलिका त्याच्या मेंदूच्या मधोमध जाते, म्हणून त्याला भक्ष्याचे बारीक तुकडे करूनच गिळावे लागतात. घास मोठा झाला तर मेंदूला दुखापत. मुलं हसायची. मी फळ्यावर मेंदूचं कडं काढायचो, त्यातून जाणारी नळी काढायचो, आणि कधीकधी खडू हातात तसाच राहायचा. त्याच वर्गात, त्याच खडूने, मी चंद्राची रेघही काढली. दरवर्षी. परीक्षेत तिच्यावर प्रश्न यायचा आणि मुलांना पूर्ण गुण मिळायचे.

निवृत्तीनंतर मुलगी बाळकुमला राहायला आली आणि सुमन गेल्यावर मला इथे घेऊन आली. शेतं नव्हती. बांध होता तिथे मॉलचं पार्किंग. आणि नाक्यावर, छत्रीखाली, पाटीत मासे घेऊन हिरा बसलेली. केस पांढरे, आवाज तोच.

"पोट फारनारा मास्तर," ती म्हणाली. मला वाटलं होतं ओळखणार नाही.

नाखवा गेल्याचं तिनेच सांगितलं. मुलाचे दोन-चार खुंट अजून खाडीत आहेत, म्हणाली. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगून टाकलं. कोळंबी, आतडी, सर, शेवटची रांग. ती सुरीने ढोमी साफ करत होती आणि थांबली नाही.

"म्हंजे तुज्या कागदानं खाडी मेली?"

"माझ्यामुळे तुम्हाला..."

"एवरा मोठा झालास व्हय रं?" तिने सुरी माझ्याकडे रोखली. "खाडी मारनारे मोठे मोठे व्हते. त्यांच्यात तू कुठं? तुजा नाव तरी कुनाला ठावं?" मग ढोमीचं पोट एका झटक्यात काढून बाजूला टाकलं. "मना सांगून तुजा जीव हलका कराचा असंल तं नको सांगू. मी काय देवी हाय माफ कराला? मंगलवारी सुनावनी हाय. त्यांना सांग."

इतकी वर्षं जे जपून ठेवलं होतं ते तिने पाटीवरून झटकून टाकलं. मला राग आला. घरी येईपर्यंत तो राग कुणावरचा आहे ते कळलं होतं.

सुनावणी नव्या धक्क्यासाठी होती. बोटी येणार, उरलेले खुंट वाटेत. पडद्यावर एकेक कारण येत होतं, आणि त्यात ती रेघ आली. माझी रेघ. वरखाली होणारी, अजून तितकीच देखणी. दाखवणारा मुलगा नेटका बोलत होता. "खाडीत अन्नाची कमतरता कधीच नव्हती, हे इथल्याच जुन्या अभ्यासातून सिद्ध झालंय. मासळी अतिमासेमारीने संपली. त्यामुळे हे खुंट काढल्याने फारसं नुकसान..."

मी उभा राहिलो. गुडघे वाजले.

"तो अभ्यास चुकीचा आहे."

अधिकारी म्हणाले, "आजोबा, प्रश्न शेवटी घेऊ."

"प्रश्न नाही. दुरुस्ती आहे."

"आपण कोण?"

"ज्याने ती रेघ काढली तो."

पडद्याजवळचा मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मग त्याचा चेहरा ओळखीचा झाला, पहिल्या बाकावरचा. "सर? सर, हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

"शिकवलं. चूक शिकवलं. आता बस आणि ऐक."

तो खरंच बसला. मी सांगितलं. डोल म्हणजे काय, तिच्या टोकाच्या पिशवीत काय होतं, पोटात आजचं आणि आतड्यात कालचं कसं असतं. मध्येच कॉलेजमधला एक जुना सहकारी बाही ओढून कुजबुजला, "वसंतराव, सर हयात नाहीत. त्यांचं नाव, कॉलेजचं नाव..."

"माझंही नाव आहे त्यावर," मी मोठ्याने म्हणालो. "ते काढा म्हणतोय मी."

सभागृहात गलका झाला. अधिकाऱ्यांनी टेबलावर पेन आपटलं. "हे सगळं असं तोंडी चालणार नाही. लेखी द्या."

मागून हिराचा आवाज आला. "तोंडानं बोलतंय ते तं आदी आयका!"

खुंटांचं काय होणार, मला माहीत नाही. निर्णय राखून ठेवला आहे. ज्या नियतकालिकात चंद्राच्या रेघेचा निबंध छापला होता त्यांनी कळवलं की इतक्या जुन्या मजकुरात दुरुस्ती छापण्याची पद्धत नाही. जावई म्हणतो, लोक तुम्हाला वेडा म्हणतील. म्हणोत. शहाणा म्हणून घेऊन बघितलं आहे.

कचेरीत लेखी दिलं आहे. इथेही देतो, म्हणजे कुणाला सापडलं नाही असं म्हणता येणार नाही.

त्या वर्षी कार्तिकात बाळकुमच्या खाडीत मी जे मासे तपासले, ते उपाशी होते. त्यांच्या पोटात दिसलेलं अन्न त्यांनी जाळ्यात अडकल्यावर गिळलं होतं. चंद्राचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पाणी बिघडलं आहे असं कोळी सांगत होते, ते खरं होतं. मला ते तेव्हाच माहीत होतं.